बाहुल्यांचा पंक्तिप्रपंच

सुपर डॉल्फी जातीची बाहुली 'विकत घेतली' असे म्हणायचे नसते. ती 'घरी आली' असे म्हणायचे असते. जपानी संग्राहक यासाठी 'ओमुकाए' हा शब्द वापरतात. पाहुण्याला सामोरे जाऊन घरात आणणे, असा त्याचा साधारण अर्थ. या बाहुल्या बनवणाऱ्या 'व्होल्क्स' कंपनीने क्योतोमध्ये त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वास्तू उभारली, तिला 'देवदूतांचे गाव' अशा अर्थाचे नाव दिले आणि नवी बाहुली मालकाच्या हाती सोपवण्याचा एक लहानसा समारंभही तिथे सुरू केला. पैसे अर्थातच आधी भरलेले असतात, पण समारंभात त्यांचा उल्लेख होत नाही. आपल्याकडे कन्यादानाच्या वेळी हुंड्याचा होत नाही, तसाच.

मी गेली अकरा वर्षे या जातीच्या बाहुल्या जमवते आहे. जमवते म्हणजे काय, तीन आहेत. महाविद्यालयात साहित्य शिकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने बाहुल्यांचे केस विंचरावेत हे काही वाचकांना पोरकट वाटेल, वाटू द्यावे. पुस्तके जमवणारा माणूस विद्वान ठरतो, नाणी जमवणारा अभ्यासू ठरतो, आणि बाहुल्या जमवणारी बाई मात्र एकाकी किंवा विक्षिप्त ठरते, याचे कारण बाहुल्यांमध्ये नसून बायकांच्या छंदांकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत आहे. परंतु तो या लेखाचा विषय नव्हे. बाहेरच्या जगाने क्षुल्लक ठरवलेल्या माणसांनी आपल्या अंगणात स्वतःची उतरंड किती काळजीपूर्वक रचली आहे, त्याविषयी लिहायचे आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. या बाहुल्यांना 'बॉल जॉइंटेड डॉल' म्हणतात. खांदा, कोपर, कंबर, गुडघा अशा प्रत्येक ठिकाणी उखळीचा सांधा असतो, शरीर आतून पोकळ असते आणि डोक्यापासून तळपायापर्यंत ताणून ओवलेल्या इलास्टिकवर सगळा डोलारा उभा राहतो. शरीर पॉलियुरेथेन रेझिनचे. हाताला चिनीमातीसारखे गार आणि जड लागते. व्होल्क्सने 1999 मध्ये पहिल्या सुपर डॉल्फी बाजारात आणल्या, सुमारे 57 सेंटिमीटर उंचीच्या चार बहिणी. पुढे कोरियात आणि चीनमध्ये लहानमोठ्या कंपन्या निघाल्या, एकेकटे शिल्पकारही या उद्योगात उतरले. या सांध्याची कुळकथा मात्र जुनी आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांना ती रुचावी. हान्स बेल्मर या जर्मनीत राहणाऱ्या कलावंताने 1933 पासून अवयवांची उलथापालथ केलेल्या, पाहणाऱ्याला अस्वस्थ करणाऱ्या बाहुल्या घडवायला सुरुवात केली. निरोगी, सुघड, 'शुद्ध' शरीराचा जो पंथ नाझी राजवट पसरवत होती, त्याला हा त्याचा विरोध होता. 1965 मध्ये तात्सुहिको शिबुसावा या लेखकाने बेल्मरची ओळख जपानी वाचकांना करून दिली. तो लेख योत्सुया सिमोन या तरुण बाहुलीकाराच्या वाचनात आला, आणि जपानमधली आधुनिक सांध्यांची बाहुली तिथून सुरू झाली असे मानतात. शुद्धतेच्या विरोधात जन्मलेल्या सांध्यावर पुढे शुद्धतेचा एवढा मोठा बाजार उभा राहिलेला बेल्मरला पाहावा लागला नाही. तो 1975 मध्येच वारला.

कंपनीकडून येणारी बाहुली बहुधा कोरी असते. भुवया नाहीत, ओठांना रंग नाही, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. डोळे, केस, कपडे वेगळे घ्यायचे. ओतकामात राहिलेली साच्याची रेघ पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून काढायची. चेहरा स्वतः रंगवायचा किंवा रंगवून घ्यायचा. मला या छंदाची ओढ लागली ती यामुळेच. बार्बीच्या संग्राहकांत जिने खोका कधी उघडलाच नाही तिला सर्वांत मान असतो. वस्तूला बोट न लावणे हीच तिथे भक्ती. इथे मात्र बोटांना रंग लागल्याशिवाय बाहुली पुरी होत नाही, आणि म्हणून संग्राहक व कारागीर यांच्यातली भिंत इथे पातळ असेल अशी माझी समजूत होती.

आता पैशाचे बोलू, कारण समारंभात ते बोलले जात नाही. मोठ्या आकाराच्या बाहुलीला चारशे ते नऊशे डॉलर सहज पडतात. त्यावर टपाल, त्यावर कस्टम, डोळ्यांचे आणि केसांचे पैसे निराळे. मागणी नोंदवल्यावर तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक, थांबावे लागते. मर्यादित संख्येत निघणाऱ्या बाहुल्यांसाठी म्हाडाच्या घरांसारखी सोडतही निघते. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी एक मागचे दार आहे. कोणीतरी अस्सल बाहुली घेतो, तिचे सुटे भाग सिलिकॉनमध्ये बुडवून त्यांचे साचे काढतो आणि त्यांत रेझिन ओततो. ही प्रत तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या किमतीत मिळते. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, त्यामुळे ती मूळ बाहुलीपेक्षा काही मिलिमीटर बुटकी भरते. संग्राहकांच्या भाषेत हिला 'रीकास्ट' म्हणतात आणि अस्सलीला 'लेजिट'. जाणकार माणसे संशय आला की मोजपट्टी काढतात. जगभरच्या बहुतेक संग्राहक-मेळाव्यांत रीकास्टला प्रवेश नसतो. काही ठिकाणी ती बाळगणाऱ्या माणसालाही नसतो.

पुण्यामुंबईचे मिळून आम्ही चौदाजण होतो. दर दोन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी भेटायचे, बाहुल्या टेबलावर मांडायच्या, कपड्यांचे नमुने अदलाबदल करायचे, इलास्टिक सैल झालेल्या बाहुल्या पुन्हा ओवायच्या. अत्यंत सुखाचे दुपारचे तीन तास. नियम एकच होता: फक्त लेजिट. माझी पहिली बाहुली मी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी विद्यार्थिनीकडून जुनी घेतली होती आणि तिच्यासोबत कंपनीचे प्रमाणपत्र नव्हते. पहिल्याच भेटीत मला हसत हसत विचारले गेले, "कागद आहेत ना?" जातपडताळणीच्या राज्यात हयात गेलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो. कागद नाहीत, असे मी सांगितले. त्यावर कोणी मोजपट्टी काढली नाही; माझ्या शब्दावर विश्वास ठेवला गेला. माझ्याजवळ बाहुलीचे कागद नव्हते, पण आडनाव होते, कायमची नोकरी होती आणि कोथरूडचा पत्ता होता. हे तेव्हा माझ्या ध्यानात आले होते. ते दुसऱ्या कोणाच्या बाबतीत कसे चालेल, ते पाहायचे राहिले होते.

ती माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. पेणची. दहावीपासून दर पावसाळ्याच्या तोंडाला ती गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसत असे. आखणी म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांचे रेखाटन. कारखान्यातले सर्वांत नाजूक आणि सर्वांत मानाचे काम, कारण रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, पण नजर चुकली की मूर्ती चुकली. माझ्या टेबलावर बाहुलीचे छायाचित्र पाहून तिने पहिली गोष्ट विचारली ती ही की, "मॅडम, हिची नजर कुणी काढली?" किंमत विचारली नाही. वर्षभरात ती आमच्या गटातल्या लोकांच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवू लागली. एका चेहऱ्याचे दीड हजार घेई. परदेशातल्या नावाजलेल्या रंगकर्मींकडे डोके पाठवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त होते, आणि खोटे कशाला बोला, काम त्यांच्या तोडीचे होते. पापणीची एक केसाएवढी रेघ ती श्वास रोखून अशी ओढे की बाहुली आत्ताच कुणाच्या तरी हाकेने वळली आहे असे वाटावे.

या पैशांतून तिने एक रीकास्ट घेतली. ती घेऊन ती डिसेंबरातल्या भेटीला आली आणि मांडण्याआधीच म्हणाली, "ही रीकास्ट आहे." मोजपट्टीची गरजच उरली नाही. ज्यांचे घर होते त्या बाई अतिशय सुसंस्कृत. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "अगं, तू बस ना, चहा घे. फक्त तिला पिशवीत ठेव." टेबलावर त्या वेळी सात बाहुल्या होत्या. त्यांतल्या पाचजणींचे चेहरे हिच्या हातचे होते. तिने आपली बाहुली पिशवीत ठेवली, चहा घेतला, एका ताईंच्या बाहुलीचा ओठ जिथे खरवडला होता तिथे रंग कसा द्यावा ते सांगितले, आणि साडेचारची गाडी गाठायची म्हणून निघाली.

मी तिथेच बोलले आणि वाद झाला. त्या वादात समोरच्या बाजूचे म्हणणे हलके नव्हते हे आधी नोंदवले पाहिजे. या बाहुल्यांचे पुष्कळसे शिल्पकार म्हणजे कंपनी वगैरे काही नसते. एखादी बाई, तिचा नवरा आणि भाड्याची खोली. एक शिल्प पुरे व्हायला वर्ष लागते. शंभर-दोनशे प्रती विकल्या जातील या आशेवर ते वर्ष काढलेले असते, आणि पहिली प्रत हाती पडताच कोणीतरी तिचे साचे काढून बाजार भरतो. काहींनी यामुळे काम सोडले. लेखकाच्या पुस्तकाची चोरटी आवृत्ती पदपथावर येते तेव्हा आपण जे म्हणतो तेच इथेही म्हणावे लागेल. रीकास्ट विकणारा दुसऱ्याच्या कष्टांवर जगतो, याविषयी माझ्या मनात किंतु नाही.

प्रश्न पुढचा आहे. हा नियम शिल्पकाराचे रक्षण करतो की आणखी कशाचे? आमच्याच गटातल्या एका सभासदाने सोडतीत मिळालेली बाहुली दोन वर्षांनी अडीचपट किमतीला विकली होती. तिचे अभिनंदन झाले, पेढे आले. वरच्या दीडपटीतला एक रुपयाही शिल्पकाराला गेला नव्हता, आणि तो जावा असे कोणाला सुचलेही नव्हते. म्हणजे शिल्पकार उपाशी राहिला तरी चालेल अशा एका व्यवहारावर आपण पेढे खातो आणि दुसऱ्या व्यवहारातल्या मुलीला पिशवी दाखवतो. या दोहोंत फरक आहे तो एवढाच की पहिल्या व्यवहाराने टेबलावरच्या बाकीच्या बाहुल्यांची किंमत वाढते आणि दुसऱ्याने ती घटते. मी हे म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनेच्या आहारी जाताय." वस्तुतः मी हिशेब मांडत होते.

नंतर भेटली तेव्हा ती जे बोलली ते मला या हिशेबाहूनही महत्त्वाचे वाटले. तिचा मामा मूर्तिकार. मातीतून नवा गणपती घडवणारा. साच्यात ओतणारा नव्हे. त्याची एखादी मूर्ती चालली की पुढच्या हंगामात तिचे रबरी साचे दुसऱ्या कारखान्यांत पोहोचलेले असत. म्हणजे चोरीला गेलेल्या कामाचे दुःख तिला आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जवळून ठाऊक होते. ती म्हणाली, "मामाचा गणपती दादरला दुसऱ्याच्या नावावर विकला जातो हे मी लहानपणापासून बघतेय. साचा नेणाऱ्याला मामा शिव्या देतो. पण ज्यानं तो गणपती घरी बसवला त्याला कधी म्हणाला नाही, की तू आरतीला येऊ नकोस."

या संदर्भात आम्हां शिक्षकांना एक जुना खटला आठवायला हरकत नाही. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची प्रकरणे एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना विकत होते. 2016 च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तो दावा फेटाळला; त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठाने अध्यापनासाठी केलेल्या अशा प्रतींना कायद्यातल्या अपवादाचा आधार आहे ही भूमिका मान्य केली, आणि 2017 मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. तेव्हा आपण सारे आनंदलो होतो. अभिजनांची अभिरुची हे वर्गभेदाचे हत्यार कसे बनते ते सांगणारा पिअर बोर्द्यूचा 1979 सालचा ग्रंथ मी स्वतः झेरॉक्समध्येच वाचला, आणि माझी खात्री आहे की या पानाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी तसाच वाचला असेल. बाहुली म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, तिच्यावाचून कोणाचे शिक्षण अडत नाही, हे मला मान्य आहे. दोन गोष्टी एका मापाने मोजाव्यात असा माझा आग्रह नाही. पण झेरॉक्स घेऊन वर्गात आलेल्या मुलाला 'पुस्तक पिशवीत ठेव' असे आपण म्हणत नाही, आणि त्याने वाचलेला बोर्द्यू आपल्यापेक्षा काही मिलिमीटर बुटका आहे असेही मानत नाही.

अस्सल-नक्कलेचा हा सोवळेपणा रेझिनबरोबर आला असे मात्र नव्हे. चिनीमातीच्या जुन्या बाहुल्यांच्या जगात तो फार आधीपासून नांदतो आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच बाहुल्या, विशेषतः झ्युमो आणि ब्रू या घराण्यांच्या, अग्रपूजेच्या. जर्मन बाहुल्या त्यांच्या खालच्या पायरीवर. जर्मन बाहुल्यांतही अरमांद मार्सेय या कारखान्याचा 390 क्रमांकाचा साचा सर्वांत शेवटी, कारण त्यातून अमाप बाहुल्या निघाल्या आणि त्या सामान्य घरांतल्या मुलींपर्यंत पोहोचल्या. जी बाहुली सर्वाधिक मुलींनी छातीशी धरली तिला संग्राहकाच्या कपाटात सर्वांत कमी किंमत, असा हा उफराटा न्याय आहे. आणि फ्रेंचपणाचे म्हणाल, तर जर्मन स्पर्धेने हैराण झालेले फ्रेंच कारखाने 1899 मध्ये एकत्र आले आणि त्या संघाच्या कित्येक 'फ्रेंच' बाहुल्यांची डोकी जर्मनीतूनच मागवली जात. सोनेबर्ग परिसरातल्या घरांत आईबाप आणि पोरे मिळून बाहुल्यांचे अवयव भरत, रंगवत, शिवत. त्यांची नावे कोणत्याही मानेवर कोरलेली नाहीत. अमेरिकेतल्या बाहुली-मंडळांचा महासंघ 1949 मध्ये स्थापन झाला. त्याच्या स्पर्धांत परीक्षक बाहुल्या तपासतात आणि फिती देतात. मूळचेच कपडे, मूळचाच केसांचा टोप, डोक्याला कुठे तडा नाही ना, हे पाहिले जाते. हे ज्ञान खोटे नाही, ते जमवायला आयुष्ये गेली आहेत, आणि त्यामुळेच कित्येक वस्तू टिकल्या. पण जिला खरोखर खेळवले गेले ती बाहुली अशा परीक्षेत आपोआप मागे पडते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे एक प्रदर्शन 2022 मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत भरले होते. शंभराहून अधिक काळ्या बाहुल्या, बहुतेक चिंध्यांच्या, घरी शिवलेल्या आणि आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या हातच्या असाव्यात असे मानले जाणाऱ्या. डेबोरा नेफ या संग्राहिकेने त्या वर्षानुवर्षे गोळा केल्या. शिवणारीचे नाव बहुतेकींच्या बाबतीत हरवले आहे. मात्र त्या प्रदर्शनातल्या तीन बाहुल्या हॅरिएट जेकब्जने शिवलेल्या होत्या. गुलामगिरीतून निसटलेली, सात वर्षे आजीच्या घराच्या माळ्यावर लपून काढलेली आणि 1861 मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध करणारी तीच जेकब्ज. एन. पी. विलिस या लेखकाच्या घरी ती मुले सांभाळायला होती; बाहुल्या त्या मुलांसाठी होत्या. आज आपण जेकब्जचे आत्मकथन अभ्यासक्रमात लावतो, तिच्या मालकाची पुस्तके क्वचितच कोणी वाचतो. ज्या टेबलाशी तिला बसायची मुभा नव्हती त्या टेबलावरच्या पोरींसाठी ती चिंध्या कापत असताना तिच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मला डिसेंबरातल्या त्या दुपारनंतर पुष्कळदा आला.

सर्वसमावेशकता हा शब्द बाहुल्यांच्या बाजारातही आता खूप ऐकू येतो. मॅटेलने 2016 मध्ये बार्बीला तीन नवे बांधे दिले, कातडीच्या अनेक छटा दिल्या, चांगलेच केले. आमच्या रेझिनच्या जगात गोष्ट जरा सावकाश चालली आहे. कित्येक कंपन्यांच्या मागणीपत्रकात गुलाबीसर फिकट रंगाला 'नॉर्मल' म्हणतात. सावळा रंग हवा असेल तर 'टॅन', आणि त्याचे जादा पैसे. रेझिनमध्ये गडद रंग एकसारखा उतरवणे कठीण असते, ओतकाम जास्त वाया जाते, असे तांत्रिक कारण दिले जाते आणि ते अगदीच निराधार नाही. पण माझ्या रंगाच्या बाहुलीसाठी मी जेव्हा जादा रक्कम भरली तेव्हा 'नॉर्मल' हा शब्द रंगशास्त्रातला नाही एवढे मला कळत होते. आमच्या गटाला या गोष्टीचा मनापासून राग येई. त्यावर पत्रे लिहिली गेली, एक ठरावही झाला. टेबलावरच्या बाहुल्या सावळ्या असाव्यात, जाड असाव्यात, चाकाच्या खुर्चीत असाव्यात याबद्दल आम्हां चौदाजणांत कधी मतभेद नव्हता. टेबलाभोवतीच्या माणसांबद्दल असा ठराव करायची वेळ कधी आली नव्हती. बाहुली समावेशक असणे सोपे आहे. तिचे पैसे भरले की ती आत येते.

वाल्टर बेन्यामिनने 1930 मध्ये माक्स फॉन बोएन याच्या बाहुल्यांवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिले होते. संग्राहकाची खरी ओढ वर्गीकरणाला जुमानत नाही, वस्तूवरची त्याची निष्ठा ही ठरावीक साच्यांविरुद्धची एक हट्टी तक्रार असते, असा त्यात एक विचार आहे. मला तो फार आवडतो आणि आजूबाजूला पाहिले की तो खोटा वाटतो. आम्ही वर्गीकरणाशिवाय दुसरे करतो तरी काय? एका भेटीला मी मुद्दाम घरची ठकी नेली होती. लाकडाच्या एका ठोकळ्यातून कोरलेली, हात धडालाच चिकटलेले, डोळे बटबटीत, लाल-पिवळा रंग जागोजाग उडालेला. माझ्या आजीची. सर्वांनी तिचे कौतुक केले, 'किती गोड' असे म्हटले, आणि तिला टेबलावर न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, फुलदाणीशेजारी. ती शोभेची झाली. बाहुल्यांत जमा झाली नाही. ठकी कोणाची अस्सल आणि कोणाची नक्कल हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रत्येक ठकी आधीच्या ठकीची नक्कल असते. अर्थात याचा गोडवा गाण्यातही अर्थ नाही. ज्याने ती कोरली त्याचे नाव आजीलाही ठाऊक नव्हते, आणि नाव नसल्यामुळेच त्याला दोन आण्यांपेक्षा जास्त कधी मिळाले नसावे. शिल्पकाराच्या नावाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू मला इथे पुन्हा पटते. नाव हवेच. पण ते नाव जपायचे म्हणून नजर काढणाऱ्या मुलीला पिशवी दाखवावी लागते, हे मला पटवून घेता आलेले नाही.

फेब्रुवारीत मतदान झाले. नियम आठ विरुद्ध सहा असा टिकला. आम्ही सहाजण आता वेगळे भेटतो, ती सातवी. आमच्याकडे रीकास्टच्या खरेदी-विक्रीची बोलणी करायची नाहीत, आणि बाहुली कोणतीही असो, तिच्या मूळ शिल्पकाराचे नाव मांडतानाच सांगायचे. पहिल्या भेटीत असे दिसले की तिघांना आपल्या लेजिट बाहुल्यांच्या शिल्पकारांची नावे माहीत नव्हती. कंपनीचे नाव तेवढे पाठ होते. तिला आपल्या रीकास्टच्या शिल्पकर्तीचे नाव, तिची आधीची कामे आणि ओठांच्या कोपऱ्याशी असलेली तिची खास लकब, सगळे ठाऊक होते. त्या कोरियन शिल्पकर्तीकडून नुसते डोके वेगळे विकत मिळते. ते घ्यायला ती पैसे साठवते आहे. अस्सल डोके नकली धडावर बसवले तर जुन्या गटात प्रवेश मिळेल का, आणि मिळाला तर कमरेपर्यंतच का, यावर आमच्यात बराच विनोद झाला.

जुन्या गटातले लोक चेहरे रंगवायला अजून तिच्याकडेच येतात. तिने दर वाढवला आहे. आता अडीच हजार घेते, आणि रंगवलेल्या डोक्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत स्वतःचे नाव घालते. आमची पुढची भेट पेणला तिच्या मामाच्या कारखान्यात ठरली आहे. अनंत चतुर्दशीनंतर, कारण त्याआधी तिथे बसायला जागा नसते.